दहा बाय बाराचा कारखाना आणि लेन्सची निवड : मिरजेतील एक प्रकरण

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत पहिल्या मजल्यावर असलेल्या एका वाद्यांच्या कारखान्याची छायाचित्रे काढण्याचे काम २०२४ च्या उन्हाळ्यात माझ्याकडे आले. मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा यांना त्याच वर्षी भौगोलिक मानांकन मिळालेले असल्यामुळे, वाद्ये जिथे घडतात ती जागा गिऱ्हाइकांना दाखवावी, असे कारखान्याच्या मालकांच्या पुतण्याच्या मनात होते. कारखाना म्हटला की पत्र्याची मोठी शेड डोळ्यांपुढे येते. इथे मात्र दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि साडेआठ फूट उंच अशी एकच खोली होती. तिच्यात तीन कारागीर जमिनीवर बसून काम करत होते, आढ्याला अर्धवट झालेल्या सतारी टांगलेल्या होत्या, आणि उरलेल्या जागेत वाद्यांसाठीचे भोपळे होते. खोलीची आठ छायाचित्रे हवी होती; त्यांपैकी दोन चित्रे प्रत्येकी तीन फूट रुंदीच्या फलकावर छापायची होती.

माझ्याकडे कॅनन १५००डी हा कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स होती. हा आकडा फोकल लेंथचा; तो जितका लहान, तितके दृश्य रुंद. सांगलीत लग्ने, मुंजी आणि बारशी यांच्या कामात ही जोडी मला कधी अपुरी वाटली नव्हती, कारण कार्यालयाच्या हॉलमध्ये चार पावले मागे सरकता येते. या खोलीत पहिल्याच दिवशी पाठ भिंतीला टेकवून १८ मिलिमीटरवर चित्र घेतले, तेव्हा समोरची भिंत रुंदीला पूर्ण आली, पण डाव्या हाताला बसलेला कारागीर अर्धाच आला आणि उजवीकडचा आलाच नाही. रुंद लेन्स लागणार हे उघड होते. खर्चाची कमाल मर्यादा अठरा हजार रुपये ठरवली, कारण कामाचे मानधन त्याहून फारसे जास्त नव्हते.

त्यानंतरच्या दोन संध्याकाळी मी वेगवेगळ्या लेन्सच्या तीक्ष्णतेचे आलेख पाहण्यात घालवल्या, आणि तो वेळ वाया गेला असे आता म्हणावे लागते. खोलीला नेमकी किती रुंद लेन्स पुरेल हेच ठाऊक नसताना कोणती लेन्स जास्त तीक्ष्ण आहे हे पाहण्यात अर्थ नव्हता. तिसऱ्या दिवशी मी कॅमेरा घरी ठेवला आणि मोजपट्टी घेऊन पुन्हा कारखान्यात गेलो.

हिशेब अवघड नाही. या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रतिमा टिपणारा भाग, २२.३ मिलिमीटर रुंद आणि १४.९ मिलिमीटर उंच आहे. सेन्सरच्या रुंदीला फोकल लेंथने भागले आणि आलेल्या आकड्याला अंतराने गुणले, की त्या अंतरावर किती रुंदीचा भाग चित्रात मावेल ते कळते. १८ मिलिमीटरला हा गुणक सुमारे १.२४ येतो आणि १० मिलिमीटरला २.२३. आता कॅमेरा अरुंद भिंतीपाशी मधोमध ठेवून खोलीच्या लांबीच्या दिशेने पाहिले, तर दोन्ही बाजूंच्या भिंती पाच-पाच फुटांवर आहेत. १८ मिलिमीटरवर त्या भिंती कॅमेऱ्यापासून आठ फूट पुढे गेल्यावर चित्रात शिरतात, १४ वर सव्वासहा फुटांवर, १२ वर सुमारे पाच फूट पाच इंचांवर आणि १० वर साडेचार फुटांवर. कारागीर साधारण पाच ते आठ फुटांच्या पट्ट्यात भिंतींना पाठ लावून बसत असल्यामुळे, त्यांना पूर्ण घेण्यासाठी १२ पेक्षा कमी आकडा लागणार हे कागदावरच सिद्ध झाले. कोपऱ्यातून चित्र घ्यायचे असेल तर आणखी एक आकडा उपयोगी पडतो : चौकोनी खोलीच्या कोपऱ्यात मिळणाऱ्या दोन भिंतींमध्ये नव्वद अंशांचा कोन असतो, आणि या सेन्सरवर ११ मिलिमीटरची लेन्स आडव्या दिशेने जवळजवळ ९१ अंश पाहते. म्हणून क्रॉप सेन्सरचा, म्हणजे माझ्यासारखा लहान सेन्सरचा, कॅमेरा असणाऱ्याने लहान खोल्यांसाठी लेन्स घेताना ती ११ पर्यंत किंवा त्याखाली जाते का, एवढे आधी पाहावे.

मोजणी करताना आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि तिला एक पैसाही लागला नाही. १५००डी चा पडदा मागे पक्का बसवलेला आहे, तो उघडून फिरवता येत नाही. त्यामुळे छायाचित्रकाराला कॅमेऱ्याच्या मागे उभे राहावे लागते आणि लेन्स भिंतीपासून अडीच फूट पुढे येते. पण या कॅमेऱ्यात वायफाय आहे, आणि कॅननच्या मोफत अॅपमधून मोबाइलवर लेन्ससमोरचे दृश्य पाहून तिथूनच शटर दाबता येते. ट्रायपॉडचे दोन पाय भिंतीला समांतर लावून तिसरा पुढे घेतला आणि मी स्वतः दाराबाहेर जिन्यात उभा राहिलो, तेव्हा लेन्स भिंतीपासून सव्वा फुटावर आली. म्हणजे सव्वा फूट जागा मिळाली, आणि बारा फुटांच्या खोलीत सव्वा फूट म्हणजे पुष्कळच.

लेन्स विकत न घेताच काम भागते का, हेही प्रामाणिकपणे तपासले. १८ मिलिमीटरवर कॅमेरा उभा धरून चार चित्रे घेतली आणि हगिन या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती जोडून पाहिली. मोकळ्या मैदानावर ही युक्ती उत्तम चालते. लहान खोलीत मात्र कॅमेरा वळवताना लेन्सचे प्रवेशद्वार, म्हणजे जिथून तिची नजर सुरू होते तो बिंदू, इंचभर जरी सरकला तरी जवळच्या आणि दूरच्या वस्तू एकमेकींच्या तुलनेत हलतात. आढ्याला टांगलेल्या सतारींच्या दांड्या जोडावर तुटलेल्या दिसू लागल्या. तो बिंदू स्थिर ठेवणारी पट्टी ट्रायपॉडवर बसवता येते, पण काम करणारा कारागीर चार चित्रांपुरता स्थिर राहत नाही. पुतण्याच्या मोबाइलमधील अतिरुंद कॅमेऱ्याने खोली जवळपास पूर्ण घेतली; परंतु खिडकी पांढरीफटक झाली, कोपऱ्यांतील भोपळ्यांची साल पुसल्यासारखी दिसू लागली, आणि तीन फुटी फलकासाठी त्या चित्रात पुरेसे पिक्सेल नव्हते. बाजारात हजारभर रुपयांत मिळणारे, लेन्सच्या तोंडावर आट्याने बसवायचे रुंदीकरणाचे काच-जोड एका मित्राकडून आणून लावले. त्याबद्दल एवढेच सांगतो की मधला भाग सोडून बाकी सगळे लोणी लावल्यासारखे आले.

भाड्याचा पर्याय खरोखर विचार करण्याजोगा होता. पुण्याहून एखादी महाग लेन्स दोन दिवसांसाठी आणणे खर्चात बसत होते, आणि काम एका बैठकीत संपणार असते तर मी तेच केले असते. परंतु रंधा, तबली (भोपळ्यावरची लाकडी झाकणी) बसवणे, दांडीवर सुरांचे पडदे बांधणे आणि जवारी (तारांखालची घोडी घासून झंकार साधणे) ही कामे वेगवेगळ्या दिवशी होतात; कारागिरांच्या सोयीने सहा-सात वेळा जावे लागणार होते, आणि प्रत्येक खेपेचे भाडे व प्रवास धरला असता लेन्स विकत घेणेच स्वस्त पडत होते.

विकत घेण्याच्या यादीत शेवटी दोनच नावे उरली. सॅमयांगची १४ मिलिमीटर एफ/२.८ (‘एफ’चा आकडा लेन्सच्या छिद्राचा; आकडा लहान तितके छिद्र मोठे) स्वस्त आणि तीक्ष्ण म्हणून नावाजलेली आहे, पण माझ्या हिशेबात १४ पुरत नव्हते. शिवाय तिच्यात सरळ रेषांना मिशीसारखा दुहेरी बाक येतो, जो दारे, खिडक्या आणि फळ्या यांच्या चित्रात पटकन डोळ्यांत भरतो. सिग्माची ८-१६ सर्वांत रुंद, पण खर्चाच्या बाहेर. राहिल्या त्या टोकिनाची ११-१६ एफ/२.८ आणि कॅननची १०-१८ एफ/४.५-५.६. टोकिना जुनी बावीस हजारांना मिळत होती. कॅननची नवी लेन्स मी विचारलेल्या दोन्ही दुकानांत तयार नव्हती, जुनी मात्र तेरा हजारांच्या आसपास होती. त्यांपैकी एका दुकानात मला मोठ्या उत्साहाने नव्या १०-१८ ची पेटी काढून दाखवली गेली. ती आरएफ-एस प्रकारची, म्हणजे आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांसाठी २०२३ मध्ये आलेली निघाली. फोकल लेंथचे आकडे तेच, पण ती माझ्यासारख्या आरशाच्या डीएसएलआर कॅमेऱ्यावर बसतच नाही. माझ्यासारख्याने पेटीवर ईएफ-एस ही अक्षरे वाचल्याखेरीज पैसे काढू नयेत. निकॉनवाल्यांना याच तोडीची १०-२० ही एएफ-पी लेन्स आहे, मात्र ती निकॉनच्या काही जुन्या बॉडींवर नीट चालत नाही, तेव्हा आपल्या कॅमेऱ्याचे नाव आधी तपासून घ्यावे.

टोकिनाच्या बाजूने सगळे मित्र होते, आणि कारण एकच : एफ/२.८. लग्नाच्या कामात मोठे छिद्र म्हणजे अंधारात मिळालेला हात असतो, हे मीही जाणतो. इथे मात्र त्या छिद्राचे मोल नव्हते, आणि या सगळ्या प्रकरणातील निर्णायक मुद्दा मला हाच वाटतो. लहान खोलीत सर्वांत जवळची वस्तू कॅमेऱ्यापासून अडीच फुटांवर असते आणि सर्वांत दूरची अकरा फुटांवर. दोन्ही स्पष्ट हव्या असतात. १० मिलिमीटरवर एफ/८ ठेवून सव्वादोन फुटांवर फोकस केला, तर साधारण सव्वा फुटापासून पुढचे सारे स्पष्ट येते. उलट ११ मिलिमीटरवर एफ/२.८ ठेवून दूरपर्यंत स्पष्ट हवे असेल, तर पावणेचार फुटांच्या आतले सगळे सुटते, म्हणजे पुढ्यातले भोपळे मऊ होतात. तेव्हा एफ/२.८ ची लेन्स हाती असती तरी मी ती मिटवून एफ/८ वरच आणली असती, आणि जे छिद्र उघडायचेच नाही त्यासाठी नऊ हजार रुपये जास्त मोजण्यात शहाणपण नव्हते. राहिला प्रश्न प्रकाशाचा. ट्रायपॉडवर कॅमेरा असताना शटर अर्धा सेकंद उघडे राहिले काय आणि दोन सेकंद राहिले काय, भोपळ्याला फरक पडत नाही. जिथे ट्रायपॉड मावत नाही तिथे कॅननमधील कंप-नियंत्रण उपयोगी पडते, जे टोकिनात नाही, एफ/२.८ आणि एफ/४.५ यांत फरक जेमतेम दीड स्टॉपचाही नाही (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), आणि दाराच्या चौकटीला खांदा टेकवून मी १० मिलिमीटरवर पाव सेकंदाची चित्रे हातातून घेतली ती बहुतेक स्थिर आली. काम करणाऱ्या हाताची हालचाल मात्र कंप-नियंत्रणाने थांबत नाही. पण रंधा चालवणारा हात थोडा पुसट आला तर ते चित्र मला उलट जास्त खरे वाटते.

तरीही केवळ हिशेबावर पैसे टाकले नाहीत. कोल्हापूरच्या एका स्नेह्याने आपली टोकिना एका संध्याकाळपुरती आणून दिली, आणि सांगलीतील एका गृहस्थांची विकाऊ १०-१८ त्याच वेळी हाती आली. घराच्या भिंतीवर वर्तमानपत्राची पाने चारही कोपऱ्यांत आणि मध्ये चिकटवून, कॅमेरा भिंतीशी काटकोनात ठेवून दोन्ही लेन्सची चित्रे घेतली. मध्यभागी एफ/८ वर मला फरक ओळखता आला नाही. परंतु या १०-१८ च्या उजव्या बाजूची अक्षरे डाव्या बाजूपेक्षा स्पष्टपणे मऊ होती. काचांचा मध्य सरकला की असे होते, बहुधा लेन्स कधीतरी पडलेली असते, आणि ‘एकदाही हातातून सुटलेली नाही’ असे विकणाऱ्याने शपथेवर सांगितले तरी वर्तमानपत्र खोटे बोलत नाही. ती परत केली. आठवड्याने दुसरी मिळाली. तिचे चारही कोपरे सारखे होते, आणि मोबाइलची बत्ती मागून टाकून पाहिले तेव्हा आत बुरशीचे धागे नव्हते. कृष्णाकाठच्या पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी ही नेहमीची गोष्ट आहे, म्हणून ही तपासणी टाळू नये. कारखान्यातील खिडकीसमोर टोकिनाने गजांच्या कडेला जांभळी किनार जास्त दाखवली, हेही निर्णयाला हातभार लावून गेले. कॅननची लेन्स प्लॅस्टिकच्या माउंटची, २४० ग्रॅम वजनाची आणि हातात घेतल्यावर खेळण्यासारखी वाटणारी आहे. साडेतेरा हजारांना ती घेतली.

यानंतर जे घडले ते मला आधी सुचायला हवे होते. पहिल्या बैठकीची चित्रे मी मोठ्या समाधानाने मालकांना, म्हणजे चाचांना दाखवली. पुतण्या खूश झाला, कारण खोली दुप्पट दिसत होती. चाचांनी बराच वेळ उजव्या कडेच्या तानपुऱ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “हा आमचा नव्हे. आमच्या भोपळ्याचा घेर असा नसतो.” तानपुरा त्यांच्याच हातचा होता, चित्रात मात्र त्याचा गोल भोपळा आडवा ताणून अंड्यासारखा झाला होता. पंढरपूरकडून आलेल्या भोपळ्यांच्या ढिगातून डोळ्यांनी घेर मापून एक निवडणाऱ्या माणसाला ते खुपणारच, आणि वाद्य जाणणाऱ्या गिऱ्हाइकालाही खुपले असते.

रुंद लेन्सच्या चित्रात काही वाकडे दिसले की आपण सरसकट ‘डिस्टॉर्शन’ म्हणून मोकळे होतो. इथे तीन वेगळी दुखणी होती आणि तिघांचे औषध वेगळे होते. दाराची चौकट किंचित बाहेर फुगलेली दिसत होती. तो लेन्सचा दोष, आणि चित्र रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात घेतले असेल तर कॅननच्याच मोफत सॉफ्टवेअरमध्ये एका खुणेने जातो. भिंती वर जाताना एकमेकींकडे झुकत होत्या. तो दोष लेन्सचा नसून माझा होता, कारण मी कॅमेरा वर कलवला होता. कॅमेरा काटेकोर पातळीत ठेवला की उभ्या रेषा उभ्याच राहतात. मग जमीन आणि आढे यांचा तोल कॅमेऱ्याच्या उंचीने साधावा लागतो. उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवरून इथले जमिनीवर बसलेले कारागीर खुजे दिसत होते. ट्रायपॉड तीन फुटांवर आणला, तेव्हा चार फुटांपासूनची जमीन आणि पलीकडच्या टोकाला टांगलेल्या सतारी अशा दोन्ही एका चित्रात आल्या. हीच कामगिरी करणाऱ्या, काच वर-खाली सरकवता येणाऱ्या टिल्ट-शिफ्ट लेन्सची किंमत लाखाच्या घरात जाते.

तिसरे दुखणे ताणलेल्या भोपळ्याचे, आणि त्याला सॉफ्टवेअरमध्ये खरा उपाय नाही. जी लेन्स सरळ रेषा सरळ ठेवते ती कडेच्या गोल वस्तू ताणतेच. जी गोल वस्तू गोल ठेवू पाहते, ती फिशआयप्रमाणे भिंती वाकवते. दोन्ही एकाच वेळी सपाट कागदावर मिळत नाही, मग लेन्स तेरा हजारांची असो की दीड लाखाची. ताण किती, हेही मोजता येते : १० मिलिमीटरवर आडव्या कडेला गोल वस्तू आपल्या उंचीच्या जवळजवळ दीडपट रुंद होते, १४ वर सुमारे १.२८ पट आणि १८ वर १.१८ पट. स्वस्त लेन्स घेतली म्हणून हे झाले, असा पुतण्याचा समज होता. तो दूर करायला मला स्टीलचा पेला मोबाइलच्या अतिरुंद कॅमेऱ्यासमोर मध्यापासून कडेपर्यंत सरकवून दाखवावा लागला.

मग कामाची पद्धत बदलली. आठपैकी पाच चित्रे मी १३ ते १५ मिलिमीटरच्या दरम्यान घेतली. सगळी खोली एकाच चित्रात आलीच पाहिजे हा हट्ट सोडल्यावर ती पुरेशी ठरली. एक चित्र, जवारी घासणाऱ्या हातांचे, जुन्या १८-५५ वर ३५ मिलिमीटरला घेतले, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर संपूर्ण संचात मला तेच सर्वाधिक आवडते. पूर्ण १० मिलिमीटर फक्त दोनदा वापरले. दोन चित्रांसाठी एवढी लेन्स कशाला, असे कोणी विचारील. पण मोठ्या फलकासाठी निवडली गेली ती हीच दोन, आणि ती १८ वर निघालीच नसती. खिडकी आणि आतला अंधार यांतला फरक सांभाळण्यासाठी दोन स्टॉप कमी, योग्य आणि दोन स्टॉप जास्त अशी तीन-तीन चित्रे घेऊन जोडली. ट्यूबलाइट बंद ठेवली, कारण खिडकीचा उजेड आणि ट्यूब एकत्र आले की पॉलिश केलेल्या लाकडाच्या एका बाजूला हिरवट झाक येते. फ्लॅश तर काढलाच नाही. प्रत्येक तबलीवर त्याचा पांढरा डाग पडला असता.

खोली खऱ्यापेक्षा मोठी दिसण्याबद्दल पुतण्याचे आणि माझे शेवटपर्यंत पूर्ण एकमत झाले नाही. मुक्कामाची खोली भाड्याने देणाऱ्याने असे चित्र लावले तर पाहुणा दारातच नाराज होतो, हे त्याला मान्य होते. कारखाना मोठा दिसला तर कोणाचे नुकसान, असा त्याचा प्रश्न होता. मी एवढेच सुचवले की प्रत्येक रुंद चित्रात एक तरी माणूस मध्याजवळ असू द्यावा, म्हणजे पाहणाऱ्याला खोलीचे खरे माप आपोआप मिळते. ते त्याने मानले.

साडेचार हजार रुपये उरले. त्यातून ट्रायपॉडसाठी पातळी दाखवणारे चांगले डोके आणि पावसाळ्यासाठी झाकणाचा हवाबंद डबा व सिलिका जेल घेतले.

सर्वांत अडचणीचे चित्र माळ्याचे होते. खोलीच्या मागच्या बाजूला भोपळे वाळवून ठेवण्याचा माळा आहे, त्याची उंची साडेचार फूट. तिथे उभे राहता येत नाही आणि ट्रायपॉडचे पाय पसरत नाहीत. कॅमेरा एका उपड्या खोक्यावर ठेवला आणि १० मिलिमीटरवर पहिले चित्र घेतले, तर दोन्ही कडांचे भोपळे पुन्हा अंड्यासारखे झाले. चाचा शिडीच्या तोंडाशी उभे राहून मोबाइलवर बघत होते. त्यांनी पोराला हाक मारली, कडेचे भोपळे उचलून मध्ये रचायला लावले आणि त्यांच्या जागी दांडीसाठी कापलेल्या लाल तुणीच्या फळ्या दोन्ही बाजूंना उभ्या करायला सांगितल्या. फळी कडेला ताणली गेली तरी ती फळीच दिसते. दुसऱ्या चित्रात भोपळे गोल आले, आणि दाराजवळ फलकावर आज लागले आहे ते हेच.